जस्तातला मायनस कुठं गेला?

आपल्या अंकाच्या मराठी विभागात दरवर्षी पाऊस, आई, मैत्री आणि मेसची आमटी यांच्यावर लेख येतात. यंदा संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं मला जिन्यातच गाठलं. म्हणाली, "तुझा तो सेमिनार होता ना कसलातरी, तोच मराठीत लिहून दे." मी म्हटलं, "अगं, तो कुणाला कळणार?" तर म्हणते कशी, "तुला कळलाय ना? मग झालं!"

तिच्या या वाक्यानं मी जरा गप्पच झाले. कारण ज्या दिवशी मी सेमिनार दिला त्या दिवशी तो मला कळलेला नव्हता. टाळ्या पडल्या, मार्कही बरे पडले, पण कळलेला नव्हता. तो नंतर कसा कळला, तेच इथं लिहिते. मधे थोडी आकडेमोड आहे, पण ती बारावीच्या पलीकडची नाही. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

विषय होता: धातूंमधल्या अणुकेंद्रकापाशी इलेक्ट्रिक फील्ड ग्रेडियंट किती असतो, ते कसं काढायचं. मराठी परिभाषेत याला विद्युत क्षेत्र प्रवणता म्हणतात. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'प्रवणता' हा शब्द मला कोशात शोधावा लागला. प्रवण म्हणजे उतरतं. शब्द छान आहे, पण पुढे मी सरळ ग्रेडियंट म्हणते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

अंड्यासारखं केंद्रक

फिजिक्सच्या पहिल्या धड्यात केंद्रक म्हणजे एक ठिपका असतो. प्रत्यक्षात बरीच केंद्रकं गोल नसतात. ज्यांचा स्पिन १ किंवा त्याहून जास्त आहे, ती अंड्यासारखी थोडी लांबट किंवा भाकरीच्या गोळ्यासारखी थोडी चपटी असू शकतात. हा लांबट-चपटेपणा किती, ते सांगणाऱ्या आकड्याला क्वाड्रुपोल मोमेंट म्हणतात. तो क्षेत्रफळात मोजतात आणि त्याचं युनिट आहे बार्न. एक बार्न म्हणजे एका चौरस अँगस्ट्रॉमचा दहा कोटीवा भाग. इंग्रजीत बार्न म्हणजे धान्याचं कोठार. हे नाव अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९४२ साली गमतीनं ठेवलं. हाच शोध आपल्या हरिपुरात लागला असता तर हळदीच्या साठवणीवरून युनिटचं नाव 'पेव' पडलं असतं!

आता अशा लांबट केंद्रकाला एकसारख्या विद्युत क्षेत्रात ठेवलं तर त्याला वळावंसं वाटत नाही. क्षेत्र जागेनुसार बदलत असेल, तरच त्याला एक दिशा दुसरीपेक्षा जास्त सोयीची होते. क्षेत्राच्या या बदलाचा दर म्हणजे ग्रेडियंट.

पुलाखालची काडी

हे मला पुस्तकातून नाही, नदीवरून समजलं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. लहानपणी आम्ही तिथं पाण्यात काड्या सोडायचो. संथ, एकसारख्या पाण्यात काडी जशी सोडाल तशीच वाहत जाते, आडवी तर आडवी, तिरपी तर तिरपी. वेग कितीही असो, ती वळत नाही. आता तीच कृष्णा सांगलीत आयर्विन पुलाखाली बघा. हा पूल १९२९ सालचा आहे. दगडी खांबांच्या मधे पाण्याला जागा कमी मिळते, म्हणून तिथं शिरताना त्याचा वेग वाढतो. काडीचं पुढचं टोक जास्त ओढलं जातं, मागचं कमी. काडी वळते आणि प्रवाहाच्या दिशेला सरळ होते.

वळवतो तो वेग नाही, वेगातला बदल. केंद्रकाचंही तसंच आहे.

आणखी एक गोष्ट. पाणी दाबून लहान होत नाही. त्यामुळे ते एका दिशेनं ताणलं गेलं तर बाकीच्या दोन दिशांनी आवळलं जाणारच. तिन्ही मिळून बेरीज शून्य. विद्युत क्षेत्रालाही हाच नियम आहे, त्याला आपण लाप्लासचं समीकरण म्हणून रट्टा मारलेला असतो. म्हणून झेड दिशेचा एक आकडा सांगितला आणि एक्स-वाय दिशा सारख्याच असल्या, की काम भागतं. त्या दोघींचे आकडे झेडच्या निम्मे आणि उलट चिन्हाचे. झेडचा आकडा धन की ऋण, म्हणजे या अक्षावर ताण आहे की आवळणं, हे चिन्हावरून कळतं. चिन्हाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कॅल्क्युलेटरवर जस्त

एका धन चार्जमुळे काही अंतरावर किती ग्रेडियंट तयार होतो? सूत्र असं आहे:

ग्रेडियंट = १४.४ × चार्ज × (३ कॉस-वर्ग थीटा − १) ÷ अंतराचा घन

अंतर अँगस्ट्रॉममध्ये (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), चार्ज प्रोटॉनच्या पटीत, आणि थीटा म्हणजे झेड अक्षाशी झालेला कोन. उत्तर येतं व्होल्ट प्रति चौरस अँगस्ट्रॉममध्ये. पुढचे सगळे आकडे याच युनिटमध्ये आहेत.

म्हणजे चार्ज झेड अक्षावर असेल तर कंस +२, आणि झेडला काटकोनात असेल तर −१. अक्षावरचा शेजारी धन बाजूला ओढतो, बाजूचा शेजारी ऋण बाजूला.

तांबं, ॲल्युमिनियम, चांदी यांची रचना क्युबिक असते. तिथं तिन्ही दिशा सारख्या, मग कुठल्या एका दिशेला ताण येणार? ग्रेडियंट शून्य. म्हणून मजा आहे ती जस्त, कॅडमियम, मॅग्नेशियम यांच्यात. यांची रचना षट्कोनी. एका थरात प्रत्येक अणूभोवती सहा शेजारी, वर तीन, खाली तीन, असे बारा. थरातलं अंतर म्हणजे 'ए', आणि थराखालचा थर सोडून पुढचा तसाच थर येतो ती उंची म्हणजे 'सी'.

समजा अणू म्हणजे कडक चेंडू आहेत आणि अगदी घट्ट रचलेत. मग सी भागिले ए येतं १.६३३. बाराही शेजारी सारख्याच अंतरावर. थरातल्या सहांचा कंस −१, म्हणजे एकूण −६. वरखालच्या सहांसाठी कॉस-वर्ग थीटा येतो दोन-तृतीयांश, कंस होतो +१, एकूण +६. बेरीज बरोबर शून्य! हे पहिल्यांदा स्वतः करून बघितलं तेव्हा मला रात्री दीड वाजता रूममेटला उठवावंसं वाटलं होतं. (उठवलं नाही. तिचा दुसऱ्या दिवशी पेपर होता.)

जस्त मात्र असं घट्ट रचलेलं नाही. खोलीच्या तापमानाला त्याचा ए आहे २.६६५ आणि सी ४.९४७. भागाकार १.८५६. म्हणजे जस्त झेड दिशेनं ताणलेलं आहे. थरातले सहा शेजारी २.६६५ वर, पण वरखालचे सहा २.९१३ वर. आता आकडे घाला:

थरातले सहा: −६ ÷ १८.९३ = −०.३१७
वरखालचे सहा: कंस १.१६३, म्हणून ६ × १.१६३ ÷ २४.७२ = +०.२८२
बेरीज: −०.०३५

जस्ताचा आयन दोन चार्जचा, म्हणून गुणिले २, गुणिले १४.४. उत्तर: सुमारे −१.०.

हे झालं फक्त बारा शेजाऱ्यांचं. त्यापलीकडचे असंख्य आयन राहिले. एकेक आयनचा परिणाम अंतराच्या घनानं कमी होतो, पण आयनांची संख्या अंतराच्या वर्गानं वाढते, त्यामुळे साधी बेरीज फार रेंगाळते. द वेट यांनी १९६१ साली अशा बेरजा पटकन जमवायची पद्धत दिली. त्याच वर्षी टी. पी. दास आणि पोमेरान्त्झ यांच्या लेखात षट्कोनी धातूंसाठी एक सोपं सूत्र आलं. दास हे भारतीय शास्त्रज्ञ, आणि त्यांनी हान यांच्याबरोबर लिहिलेलं १९५८ चं क्वाड्रुपोल रेझोनन्सवरचं पुस्तक या विषयातलं मूळ पुस्तक मानतात. सूत्र असं:

ग्रेडियंट = १४.४ × चार्ज × [०.००६५ − ४.३५८४ × (सी/ए − १.६३३)] ÷ ए चा घन

जस्तासाठी उत्तर येतं −१.४७. म्हणजे नुसत्या बारा शेजाऱ्यांनी दोन-तृतीयांश काम केलेलं होतं. मॅग्नेशियमसाठी (सी/ए १.६२४, ए ३.२०९) हेच सूत्र वापरलंत तर येईल फक्त +०.०४, कारण ते आदर्श रचनेच्या अगदी जवळ आहे. एकदा करून बघाच.

माझा सेमिनार आणि माझी चोरी

आयन म्हणजे नुसता ठिपका नाही. केंद्रकाभोवती आतल्या इलेक्ट्रॉनांची कवचं असतात. बाहेरच्या ग्रेडियंटमुळे ती थोडी बिघडतात, आणि ती केंद्रकाच्या अगदी जवळ असल्यानं त्यांच्या या छोट्या बिघाडाचा परिणाम मोठा होतो. मला वाटलं होतं की ही कवचं केंद्रकाला छत्रीसारखी वाचवत असतील. उलटच आहे, ती कर्ण्यासारखी वागतात! स्टर्नहायमर यांनी १९५०च्या दशकात हे गणित केलं. जस्ताच्या आयनसाठी ही वाढ सुमारे १३ पट, कॅडमियमसाठी सुमारे ३० पट.

मग जस्ताचं उत्तर झालं −१.४७ × १३ = सुमारे −१९.

आता प्रयोग काय सांगतो? ४.२ केल्व्हिन इतक्या थंड जस्तात जस्त-६७ या केंद्रकाची क्वाड्रुपोल फ्रिक्वेन्सी १२.३४ मेगाहर्ट्झ मोजली गेली आहे. प्लँकच्या स्थिरांकानं गुणलं की ऊर्जा येते ५.१ भागिले दहा कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तिला जस्त-६७ च्या क्वाड्रुपोल मोमेंटनं, ०.१५० बार्ननं, भागायचं. दहा कोटी वर-खाली कटतात, आणि उरतं ५.१ ÷ ०.१५० = ३४.

मी जे पुस्तक वापरलं त्यातल्या तक्त्यात नुसतं '३४' होतं, पुढे चिन्ह नाही. माझ्याकडं होतं −१९. मी स्लाइडवर लिहिलं: 'गणित १९, प्रयोग ३४, ऑर्डर जुळते'. खरं सांगायचं तर मी तो मायनस विसरले नव्हते. रात्री बनवलेल्या स्लाइडवर तो होता. सकाळी मी तो डिलीट केला. वाटलं, उगाच कुणी विचारेल.

विचारलंच. शेवटच्या बाकावर बसलेले सर माझी हातानं लिहिलेली रफ शीट चाळत होते. म्हणाले, "काय गं, इथं मायनस आहे. तिथं कुठं गेला?"

"सर, मॅग्निट्यूड घेतला."

"का घेतला?"

"सर, पुस्तकात पण मॅग्निट्यूडच दिलाय."

सर म्हणाले, "पुस्तकात चिन्ह नाही, कारण बऱ्याच प्रयोगांत ते दिसतच नाही. त्यांच्याकडं नव्हतं, त्यांनी लिहिलं नाही. तुझ्याकडं होतं, तू टाकून दिलंस. दोन्हींत फरक आहे का नाही?"

वर्ग हसला नाही, हे त्यातल्या त्यात नशीब. "बघून सांग," एवढं म्हणून सरांनी शीट परत दिली.

चिन्ह शोधताना

मग मी बघायला लागले. बऱ्याच प्रयोगांत खरंच चिन्ह कळत नाही, फक्त फ्रिक्वेन्सी कळते. पण जस्त-६७ वर मॉसबाउअरचा प्रयोगही होतो, त्यात कळतं. तिथं केंद्रकाची खालची पातळी तीन भागांत फुटते आणि त्या तीन रेषांमधली अंतरं १ : २ अशी असतात. मोठं अंतर कमी ऊर्जेच्या बाजूला आहे की जास्त, यावरून चिन्ह ओळखायचं. उत्तर आहे धन. म्हणजे +३४.

माझं होतं −१९. ऑर्डर जुळत होती म्हणे! प्रत्यक्षात माझं गणित नेमकं उलट्या दिशेला गेलं होतं. पुलाखालची काडी प्रवाहाला आडवी राहील, असं सांगण्यासारखं ते होतं.

चुकलं कुठं? आकडेमोड बरोबर होती. मी धातूतली मुख्य गोष्टच सोडली होती, ती म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन. आयनांच्या मधे ते एकसारखे पसरलेत, असं धरून मी त्यांचा ग्रेडियंट शून्य मानला होता.

१९७५ साली आर. एस. राघवन, ई. एन. कॉफमन आणि पी. राघवन यांनी बऱ्याच धातूंचे मोजलेले आकडे एकत्र ठेवले आणि त्यातून आयनांचा वाटा वजा केला. उरलेला वाटा इलेक्ट्रॉनांचा. तो बहुतेक ठिकाणी आयनांच्या वाट्याच्या साधारण तिप्पट आणि उलट चिन्हाचा निघाला. जस्तात आयनांचा वाटा −१९, तर इलेक्ट्रॉनांचा +५७. बेरीज +३८. चिन्ह बरोबर, आकडाही जवळ!

कॅडमियम घ्या. सी/ए १.८८६, ए २.९७९. सूत्रातून −१.१९, गुणिले ३० म्हणजे −३६, आणि राघवन यांच्या नियमानं एकूण +७२. कॅडमियमचा मोजलेला आकडा पुढे सांगते, तोही याच्या जवळपासच आहे.

या नियमाला तेव्हा सार्वत्रिक म्हटलं गेलं, पण नंतर त्याला अपवाद सापडले. शिवाय नियम 'किती' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही.

का?

याचं उत्तर कॉम्प्युटरवर मिळालं. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातले ब्लाहा आणि श्वार्त्झ यांनी १९८५ साली लिथियम नायट्राइडचा ग्रेडियंट कोणताही आयनचा ठोकताळा न वापरता, थेट क्वांटम मेकॅनिक्समधून काढला. १९८८ साली डेडेरिक्स यांच्याबरोबर त्यांनी षट्कोनी धातूंवर तेच केलं. आयन वेगळे, कवचं वेगळी, मोकळे इलेक्ट्रॉन वेगळे अशी वाटणीच तिथं नाही. सगळ्या इलेक्ट्रॉनांची घनता काढायची आणि तिच्यावरून ग्रेडियंट. त्यांच्या या प्रोग्रामचं पुढचं रूप विन-टू-के जगभर वापरतात.

त्यातून कळलं ते असं. अंतराचा घन छेदात असल्यानं दूरच्यापेक्षा अगदी जवळचं महत्त्वाचं. जस्ताचा ग्रेडियंट मुख्यतः त्याच अणूच्या पी इलेक्ट्रॉनांमुळे येतो, आणि तोही केंद्रकालगतच्या भागात. थरातले शेजारी जवळ असल्यानं थराच्या दिशेचे पी-एक्स आणि पी-वाय हे पी-झेडपेक्षा किंचित जास्त भरतात. हा फरक पूर्ण इलेक्ट्रॉनचा नाही, त्याच्या काही टक्क्यांचाच. पण तो केंद्रकाला चिकटून आहे.

आता चिन्हाचा खुलासा होतो. थरातले आयन जवळ, ते धन, आणि झेडला काटकोनात: म्हणून त्यांचा ग्रेडियंट ऋण. त्याच थराच्या दिशेनं इलेक्ट्रॉन जास्त झुकलेले, पण ते ऋण: म्हणून त्यांचा ग्रेडियंट धन. दोघांचं कारण एकच, जस्ताचं झेड दिशेनं ताणलं जाणं. फक्त चार्ज उलटे. आणि इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ, म्हणून तेच जिंकतात. जो मायनस मी डिलीट केला, त्याच्यामागं हे सगळं दडलेलं होतं.

तापवलं तर?

आयनांचं मॉडेल आणखी एका परीक्षेत नापास होतं. कॅडमियम तापवलं की ते सी दिशेनं ए दिशेपेक्षा दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. म्हणजे सी/ए वाढतो. आपलं सूत्र सांगतं की ग्रेडियंट वाढायला हवा. प्रयोगात तो कमी होतो. १९७६ साली क्रिस्टियानसेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बऱ्याच धातूंत ही घट तापमानाच्या दीड घाताच्या प्रमाणात होते. त्याच वर्षी पुरू जेना यांनी तिचा संबंध अणूंच्या थरथरण्याशी जोडला. थरथरताना शेजारी नेमके जागेवर राहत नाहीत, आणि केंद्रकाला जी रचना जाणवते तिचा धारदारपणा कमी होतो.

मुंबईतला एक आकडा

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं व्हिएन्ना आणि अमेरिकेत, आपला काय संबंध? आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, अणुकेंद्रकांच्या गॅमा किरणांवर बा. वि. ठोसर, ह. गो. देवरे अशा मराठी शास्त्रज्ञांच्या काळापासून काम होत आलं आहे. त्यातलाच एक प्रयोग कॅडमियम-१११ चा.

इंडियम-१११ हे किरणोत्सारी द्रव्य, अर्धायुष्य २.८ दिवस. हॉस्पिटलात तपासणीसाठीही वापरतात. त्याचं कॅडमियम-१११ होताना एकामागोमाग एक दोन गॅमा किरण निघतात, १७१ आणि २४५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. दोन्हींच्या मधे केंद्रक काही काळ थांबतं. त्या थांब्याचं अर्धायुष्य सुमारे ८५ नॅनोसेकंद. तेवढ्यात ग्रेडियंट त्याला डोलवतो आणि दुसरा किरण कुठं जाईल ते बदलतं. दोन डिटेक्टर लावून हे डोलणं मोजायचं. खोलीच्या तापमानाला कॅडमियम धातूत फ्रिक्वेन्सी येते सुमारे १२५ मेगाहर्ट्झ.

याचा उपयोग आपल्यासारख्यांनाही कळेल असा आहे. तांब्यात ग्रेडियंट शून्य. पण किरणांच्या माऱ्यानं इंडियमशेजारचा एक अणू निघून गेला, तर तिथं लगेच ग्रेडियंट दिसतो. एका अणूएवढी रिकामी जागा फ्रिक्वेन्सीवरून सापडते!

पण फ्रिक्वेन्सीवरून ग्रेडियंट काढायचा तर क्वाड्रुपोल मोमेंट माहीत हवा. आणि तो काढायचा तर ग्रेडियंट माहीत हवा. प्रयोगाला दोघांचा गुणाकार तेवढा दिसतो. आधी अंडं की कोंबडी! म्हणून ग्रेडियंटचं गणित कुणीतरी बरोबर करावंच लागतं. त्यात चूक झाली तर ती थेट क्वाड्रुपोल मोमेंटच्या तक्त्यात जाऊन बसते आणि जगभरचे लोक ती वापरतात.

असं झालेलंही आहे. लोखंड-५७ साठी १९८१ साली दास यांच्याच गटानं ०.०८ बार्न काढला होता. १९९५ साली डुफेक, ब्लाहा आणि श्वार्त्झ यांनी काढला ०.१६. बरोबर दुप्पट.

कॅडमियमच्या त्या मधल्या थांब्यासाठी बरीच वर्षं ०.८३ बार्न वापरत. २०१६ साली एरिको, कोटेनिए, टीआयएफआरचे एस. एन. मिश्रा आणि इतरांनी बऱ्याच पदार्थांची कॉम्प्युटर गणितं प्रयोगांशी ताडून ०.७६ बार्न दिला, चूक ०.०२. २०२१ साली हास आणि सहकाऱ्यांनी घन पदार्थ सोडून मोकळ्या रेणूंवर प्रयोग करून ०.६६४ दिला, चूक ०.००७. हे दोन आकडे एकमेकांच्या एरर बारमध्ये बसत नाहीत. १२५ मेगाहर्ट्झवरून कॅडमियमचा ग्रेडियंट काढा: जुन्या आकड्यानं ६२, मिश्रा यांच्या गटाच्या आकड्यानं ६८, हास यांच्यानं ७८. फ्रिक्वेन्सी तीच, उत्तरं तीन.

आणि माझ्या जस्ताचं ३४? नव्या तक्त्यात जस्त-६७ चा मोमेंट ०.१५० ऐवजी ०.१२२ बार्न आहे. तो घेतला तर ३४ चे होतात ४२. मी ज्या आकड्याशी 'ऑर्डर जुळते' म्हणून खूश झाले होते, तो आकडाच सरकला. सरकला नाही तो फक्त चिन्हाचा भाग. आणि नेमकं तेच मी टाकून दिलं होतं.

करून पाहायचं असेल तर

बेरजेचा प्रोग्राम पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींत होतो. एक काळजी घ्या, शेजारी गोलाकार कवचांनी मोजा. कोपऱ्यातून कसेही घेतलेत तर उत्तर इकडंतिकडं उड्या मारतं. खरं क्वांटमचं गणित करायचं असेल तर क्वांटम एस्प्रेसो हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि त्याच्या जोडीला ग्रेडियंट काढणारा जी-पॉ आहे. हॉस्टेलच्या लॅपटॉपवर जस्तासारखी दोन अणूंची पेटी चालते. धातू असल्यानं के-पॉइंट भरपूर लागतात. कमी घेतलेत तर पी-एक्स आणि पी-झेडमधला तो काही टक्क्यांचा फरक बिघडतो आणि उत्तरही. पॉइंट वाढवत जा, उत्तर हलायचं थांबेपर्यंत. थांबायच्या आधी रिपोर्ट लिहू नका.

सेमिनारचा रिपोर्ट जमा करायला आठवडा होता. मी स्लाइडचं ते पान बदललं. नव्या पानावर दोन ओळी लिहिल्या: 'आयनांचं मॉडेल: −१९. प्रयोग: +३४. चिन्ह चुकतं, म्हणून मॉडेल अपुरं. कारण पुढच्या पानावर.' पुढचं पान लिहायला मला सहा रात्री लागल्या. सरांनी रिपोर्ट वाचला, त्या मायनसभोवती लाल पेननं गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'आला का परत!'

मार्क तेवढेच राहिले. पण आता कुणी विचारलं की तुला तुझा सेमिनार कळलाय का, तर मी हो म्हणू शकते. लॅबच्या जर्नलमध्ये आपण सगळेच केव्हा ना केव्हा रीडिंग 'जुळवतो'. मीही जुळवलीत. पुढच्या वेळी रबर उचललात तर एकदा थांबून बघा. जे खोडताय, कदाचित तेच खरं उत्तर असेल.

कुणाला गणितात शंका असेल तर संध्याकाळी मेसच्या रांगेत मला गाठा. आणि माझं कुठं चुकलं असेल तर जरूर सांगा. चिन्हासकट!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स